मागून हाक मारायची नाही

१२ जून १९७९, मंगळवार. सकाळपासून भुरभुर. साडेआठला कामाला बसले. उठले: पाववाल्यासाठी एकदा, बसंतीसाठी दोनदा, आईंच्या गुडघ्याच्या तेलासाठी एकदा, शेजारच्या मांजरासाठी एकदा. दिवसभरात बांधलेल्या दोऱ्या चार. शिडं बुडवण्यासाठी उकळून ठेवलेला चहा बसंतीने पिऊन टाकला. कडू आहे म्हणाली आणि साखर मागितली.

त्या मंगळवारी भगवतीने डायरीत एवढंच लिहिलं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी तिला रोज संध्याकाळी वहीत दिवसाचा हिशोब मांडायला शिकवलं होतं. काय केलं, काय राहिलं आणि कुणामुळे राहिलं. शेवटचा भाग सिस्टरांनी सांगितला नव्हता, तो भगवतीने स्वतः घातला होता.

भगवती उसाच्या मळ्यांच्या बेटावर, क्युरपिप गावी राहायची. नवरा यशपाल राजधानीत, पोर्ट लुईला, सरकारी कचेरीत कारकून, सासू देवकी घरात, आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन बेटावरच्याच नुव्हेल फ्रांस गावी गेलेली. मुलगी गेली तसं घर सुनं झालं, आणि भगवतीने जहाजांचं काम घेतलं. खरी जहाजं नव्हेत. हातभर लांबीची, लाकडाची, परदेशी पाहुणे काचेच्या कपाटात ठेवायला विकत नेतात तसली. गावात मोस्यू गास्ताँचा, म्हणजे गास्ताँसाहेबांचा, कारखाना होता. तिथे पुरुष जहाजाचा सांगाडा करत, डोलकाठ्या उभ्या करत, आणि बायका त्यांना दोऱ्या बांधत. शिडाचं पांढरं कापड जुनं दिसावं म्हणून ते कडक काळ्या चहात बुडवून वाळवत. कॉन्व्हेंटात लेस विणून भगवतीची बोटं तयार झाली होती. चिमट्याने एवढीशी गाठ मारायची, मेण लावायचं, ताणायचं, पुढची घ्यायची. तिच्या गाठी मोस्यू गास्ताँ भिंग लावून बघत आणि काही बोलत नसत. त्यांच्याकडून एवढं कौतुक पुष्कळ होतं.

पण घरी काम द्यायला ते नाखूश असत. घरी बसलेल्या बाया कामाला वेळ देत नाहीत, असं त्यांचं मत होतं. भगवतीला त्यांनी तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज दिलं ते एका अटीवर. सव्वादोनशे दोऱ्या, तीस जूनपर्यंत. नाही झालं तर यापुढे घरी काम नाही, कारखान्याच्या शेडमध्ये येऊन बसायचं. आणि देवकीचे गुडघे तिला दिवसभर एकटं सोडू देण्यासारखे राहिले नव्हते. म्हणजे शेडमध्ये जाणं जमणार नव्हतं, म्हणजे काम सुटणार होतं. काम सुटलं तर दिवसाचे आठ तास पुन्हा पाववाल्याचे, बसंतीचे आणि मांजराचे.

बारा तारखेला दीडशे दोऱ्या उरल्या होत्या आणि हातात कामाचे पंधरा दिवस. रोज दहा व्हायला हव्या होत्या. होत होत्या चार.

अडचण अशी होती की कुणीच वाईट नव्हतं. देवकीला वाटे, सून घरात आहे, मग घरात आहे. मागच्या खोलीत ती दोरा ओवत बसलीय म्हणजे मोकळीच आहे. शेतातली बाई विळा घेऊन जाते, कचेरीतला माणूस बस पकडतो, त्याला काम म्हणतात. कुंपणापलीकडची बसंती, यशपालच्या धाकट्या चुलत भावाची बायको, तिला वाटे की भगवतीला एकटीला कंटाळा येत असेल. ती दिवसातून दोनदा कंटाळा घालवायला येई.

भगवतीने आधी साधे उपाय केले. दारावर सुंदर अक्षरात फ्रेंचमध्ये पाटी लावली की कृपया त्रास देऊ नये. देवकीला वाचता येत नव्हतं. बसंतीला येत होतं, आणि ही पाटी कशासाठी म्हणून विचारायला तिने दार ठोठावलं. मग भगवतीने आतून कडी लावली. अर्ध्या तासाने देवकीने कडी लागलेली पाहिली, सुनेला चक्कर आली असं ठरवलं आणि बसंतीच्या नवऱ्याला बोलावून दार खांद्याने उघडायला लावलं. बिजागरी निघाली. तीन दोऱ्या तुटल्या.

तेरा तारखेच्या रात्री जेवताना देवकी आपल्या सासऱ्यांची गोष्ट सांगत होती. ही गोष्ट भगवतीने लग्नापासून पन्नासदा ऐकली होती. सासरे उसाची गाडी घेऊन निघाले, ‘येतो’ म्हणून उंबरठा ओलांडला, आणि सासूबाईंनी मागून हाक मारली, अहो, तंबाखू राहिली. त्या दिवशी गाडीचं चाक निखळलं. तेव्हापासून या घरात निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, कुठे चाललास म्हणून टोकायचं नाही. मारलीच तर त्याने परत यायचं, घटकाभर टेकायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं.

भगवतीने घास तसाच हातात धरला. यशपालने विचारलं की काय झालं. काही नाही, मिरची लागली, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने चांगलं लुगडं नेसलं, वहाणा घातल्या, हातात पिशवी आणि छत्री घेतली, देवांना हात जोडले. देवकी ओसरीवर तांदूळ निवडत होती.

“आई, येते,” भगवती म्हणाली.

“ये गो, सांभाळून जा,” देवकी सवयीने म्हणाली, आणि मग तिने वर बघितलं.

भगवती पायऱ्या उतरली, फाटकातून गल्लीत गेली, बसंतीच्या कुंपणाला वळसा घातला आणि बांबूच्या मागच्या फाटकातून परसात शिरली. तिथून मागच्या खोलीत. स्वयंपाकघराच्या दारातून ती खोली सात पावलांवर होती. हा रस्ता साठ पावलांचा होता.

देवकी गुडघे धरत उठली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. समोरच्या खिडकीत सून बसली होती, डोळ्यांवर चष्मा, हातात चिमटा. देवकीने तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं की ही घरातून निघालीय. ‘येते’ म्हणून, उंबरठा ओलांडून, देवांना नमस्कार करून. आपण स्वतः तिला सांभाळून जा म्हणून सांगितलंय. तिने तोंड मिटलं.

दुपारी बाराला तिने पुन्हा बघितलं. भगवती पिशवीतून डबा काढून जेवत होती. चुलीवर भाकरी फुगत होती आणि ती सात पावलांवर थंड भात खात होती. देवकीचा जीव तुटला, पण हाक काही निघेना. चार वाजता भगवती उठली, खोलीला कुलूप लावलं, गल्लीतून फिरून पुढच्या दाराने आली आणि म्हणाली की आले. देवकीने तिला पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, बसला गर्दी होती का? भगवतीने तिच्याकडे बघितलं. सासूच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती. तेव्हा भगवतीला पहिल्यांदा कळलं की या घरात खोड्या करणारी ती एकटी नाही.

त्या दिवशी बारा दोऱ्या झाल्या.

बसंती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा देवकी फाटकातच उभी होती. भगवती कामाला गेलीय, असं तिने सांगितलं. बसंतीने मान उंच करून परसाकडे बघितलं. “कामाला कुठे? ती काय, वैनी खिडकीत बसलीय.”

“तुला दिसतेय म्हणून ती घरात आहे होय?” देवकी म्हणाली. “तुझा नवरा बसस्टॉपवर उभा असतो, तो पण इथून दिसतो. त्याला बोलवतेस का भांडी घासायला?”

बसंतीने एकदा बसस्टॉपकडे बघितलं. ती घरी गेली, पण जाताना एक दुधी भोपळा देऊन गेली आणि संध्याकाळी चारनंतर पुन्हा आली. चारनंतर भगवतीलाही तिची आवड होती.

शनिवारी यशपाल अर्ध्या दिवसाने घरी आला. सदऱ्याचं बटण तुटलं होतं. तो परसात उतरून खिडकीपाशी जाणार तोच आईने त्याचा दंड धरला आणि विचारलं की कामावर गेलेल्या बाईला बटण मागतोस, लाज नाही वाटत? यशपालने आईकडे बघितलं, मग सात पावलांवरच्या बायकोकडे बघितलं. तो कारकून होता. त्याने टेबलाशी बसून कागदावर रीतसर अर्ज लिहिला की अर्जदाराच्या सदऱ्याचे वरून तिसरे बटण गळाले असून ते लावून मिळावे ही विनंती. अर्ज कोंबड्यांना दाणे टाकायला जाताना देवकीने खिडकीतून आत सरकवला. तासाभराने उत्तर आलं. आपला अर्ज मिळाला, योग्य वेळी विचार केला जाईल. खाली सही आणि मेणाचा ठिपका.

बटण सव्वाचारला लागलं.

असं एकवीस तारखेपर्यंत गेलं. रोज बारा, कधी चौदा. भगवतीने डायरीत दोऱ्यांचे आकडे लिहिले, आणि कुणामुळे राहिलं हा भाग रिकामा सोडला.

एकवीस तारखेला, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला मोस्यू गास्ताँची छोटी गाडी गल्लीत थांबली. ते न सांगताच आले होते, घरच्या बाया काम करतात की नाही ते बघायला. देवकी ओसरीवर होती. त्यांनी बेटावरच्या क्रेओल बोलीत विचारलं की भगवती कुठे आहे.

देवकीने आठवडाभर हेच उत्तर दिलं होतं आणि ते तिच्या जिभेवर बसलं होतं. “भगवती त्राव्हायला गेलीय,” तिने सांगितलं. कामाला.

मोस्यूंच्या भुवया वर गेल्या. कामाला, कुठे? निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारायचं नसतं, म्हणून देवकीने तो प्रश्न ऐकलाच नाही असं केलं. उलट सुनेची बाजू चांगली दिसावी म्हणून तिने भर घातली की रोज जाते, आठ ते चार, पाऊस असो नसो, एक दिवस चुकत नाही.

मोस्यूंनी खिशातून कागद काढला, गाडीच्या टपावर ठेवून चार ओळी लिहिल्या आणि देवकीच्या हातात दिल्या. देवकीने तो कागद मिठाच्या बरणीखाली ठेवला. सून कामावर होती, तिला मधेच कसं द्यायचं?

चारला भगवती आली, पाय धुतले आणि कागद वाचला. मादाम, तुम्ही दुसरीकडे नोकरी करता असे कळले. माझे जहाज उद्या संध्याकाळी पाच वाजता परत न्यायला येईन. यापुढे घरी काम मिळणार नाही.

तिने आईंना विचारलं की तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं. देवकीने शब्द न शब्द सांगितलं, आणि तेही छाती फुगवून. भगवती आधी हसली. मग हसता हसता खाली बसली. दोष तरी कुणाला द्यायचा? जे ठरवलं होतं तेच आई बोलल्या होत्या.

तिने विचार केला की शुक्रवारी सकाळी कारखान्यात जाऊन सांगावं. पण जायला यायला सकाळ गेली असती, आणि जहाज स्वतःच तिच्यापेक्षा चांगलं बोललं असतं. पाचला ते येतील, खोली उघडून दाखवू, झालं. म्हणून शुक्रवारी ती नेहमीसारखी ‘येते’ म्हणून निघाली, तेरा दोऱ्या बांधल्या, चारला परत आली. देवकीला बजावून ठेवलं की आज गास्ताँसाहेब आले तर मी बोलते, तुम्ही बोलू नका.

पाचला गाडी आली. मोस्यू गास्ताँ टोपी न काढताच ओसरीवर चढले आणि म्हणाले की जहाज कुठे आहे. भगवती म्हणाली की मागच्या खोलीत, मी दाखवते, आणि कनवटीची किल्ली काढली.

देवकी उंबरठ्यात येऊन बसली. बसली म्हणजे पाट घेऊन, गुडघे पसरून बसली. “ती आत्ता कामावरून आलीय,” ती म्हणाली. “पाय धुतलेत तिने. आलेल्या बाईला परत कामावर पाठवणार? उद्या आठला या.”

“आई, दोन मिनिटांचं काम आहे,” भगवती खालच्या आवाजात म्हणाली.

देवकीने तिच्याकडे बघितलं. “दोन मिनिटं? पाववाला पण दोनच मिनिटांचा असतो. माझं तेल पण दोनच मिनिटांचं.”

भगवती किल्ली हातात धरून उभी राहिली. ओसरीवर तिचं काम टोपी घालून उभं होतं आणि उंबरठ्यात तिचे आठ तास बसले होते. सासूला ओलांडून ती गेली असती तर जहाज वाचलं असतं, आणि दुसऱ्याच दिवसापासून देवकीने खिडकीतून तेल मागितलं असतं. तिच्याही दोन मिनिटांना मग नाही म्हणता आलं नसतं. नाही ओलांडलं तर उद्या जहाज जाणार, आणि त्याबरोबर कामही.

तिने किल्ली पुन्हा कनवटीला लावली.

“मोस्यू, तुमचा कारखाना चारला बंद होतो,” ती सिस्टरांनी शिकवलेल्या फ्रेंचमध्ये म्हणाली. “माझाही. उद्या आठला उघडेल.”

मोस्यूंचा चेहरा तांबड्या पेरूच्या गरासारखा लाल झाला. उद्या आठला येईन आणि जहाज घेऊनच जाईन, असं सांगून ते गेले. त्या रात्री भगवतीने ताट तसंच झाकून ठेवलं. यशपालने विचारलं की मी एखादा अर्ज लिहून देऊ का. त्यावर तिला हसू आलं नाही.

शनिवारी पावणेआठलाच गाडी आली. देवकीने पाहुण्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि स्वतःही बशीत चहा ओतून घेतला. मोस्यू घड्याळ बघत होते. आठला भगवती चांगलं लुगडं नेसून, पिशवी आणि छत्री घेऊन बाहेर आली, देवांना हात जोडले, आणि म्हणाली की आई, येते.

“ये गो,” देवकी म्हणाली.

भगवती मोस्यूंच्या समोरून गेली, पायऱ्या उतरली, फाटकापाशी पोचली. मोस्यू खुर्चीतून उठले. बाई दिवसाढवळ्या त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या कामाला निघाली होती.

“मादाम!” त्यांनी हाक मारली.

देवकीच्या हातातली चहाची बशी पडली आणि फुटली. भगवती फाटकात थबकली, वळली, परत आली, ओसरीच्या पायरीवर टेकली आणि हात पुढे केला. देवकीने तांब्या दिला. भगवती सावकाश पाणी प्यायली.

मोस्यू त्यांच्याकडे बघत राहिले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. देवकीने त्यांना क्रेओलमध्ये चांगलंच सुनावलं. निघालेल्या बाईला मागून हाक मारलीत. आता तिच्या हातून काही बिघडलं तर ते तुमच्याच जहाजाचं बिघडेल. आमचे आजोबा असल्याच जहाजातून इकडे आले. मुंबईच्या धक्क्यावर त्यांना पण कुणी मागून हाक मारली, म्हणून वाटभर उलट्या करत आले.

मोस्यू गास्ताँनी टोपी काढली. त्यांचे आजोबा माएबुर्गचे कोळी होते. होडी पाण्यात ढकलताना कुणी शीळ घातली तर म्हातारा होडी परत वाळूवर ओढायचा, आणि त्या दिवशी घरात मासा नसायचा. हे त्यांनी हळू आवाजात, जरा ओशाळून सांगितलं. देवकीने मान डोलावली. शहाणा माणूस होता तुमचा आजा, ती म्हणाली.

पाणी पिऊन झाल्यावर भगवती पुन्हा उठली, पुन्हा ‘येते’ म्हणाली आणि निघाली. या वेळी मोस्यू टोपी हातात धरून, तोंड बंद ठेवून तिच्या मागे चालले. फाटकातून गल्लीत, गल्लीतून कुंपणाला वळसा. पाऊस होता आणि छत्री एकच होती. बसंती कुंपणावर धुणं टाकत होती. पुढे वैनी, मागे बोडक्या डोक्याने भिजणारा कारखानदार, हे बघून तिच्या हातातली चादर चिखलात गेली.

भगवतीने कुलूप काढलं. खिडकीशी जहाज उभं होतं, तिन्ही डोलकाठ्या दोऱ्यांनी ताणलेल्या. मोस्यूंनी खिशातून भिंग काढलं आणि मोजायला सुरुवात केली. मोजता मोजता ते मधेच थांबले आणि पहिल्यापासून पुन्हा मोजलं. एकशे ब्याऐंशी. एक दोरी नखाने टिचकी मारून बघितली, ती सतारीसारखी वाजली.

“मग तुम्ही कामाला कुठे जाता?” त्यांनी विचारलं.

“इथेच,” भगवती म्हणाली.

मोस्यूंनी खिडकीतून बाहेर बघितलं. सात पावलांवर स्वयंपाकघराच्या दारात देवकी पाठ करून बसली होती, इकडे बघायचंच नाही असं ठरवून. त्यांना सगळं एकदम उमगलं, आणि ते एवढे हसले की जहाजाची शिडं हलली. मग कारखानदार तो कारखानदारच. एवढा झपाटा असेल तर, ते म्हणाले, संध्याकाळी थोडा वेळ एखादं छोटं जहाजही कराल का, पाच ते सात?

“चारनंतर मी घरी असते, मोस्यू. घरातलं आईंना विचारावं लागतं.”

मोस्यूंनी देवकीच्या पाठीकडे पुन्हा एकदा बघितलं. तेवढ्यावरून त्यांनी न विचारायचं ठरवलं. तीस तारखेला जहाज न्यायला मीच येईन, ते म्हणाले, आठ ते चारच्या मधे. आणि टोपी घालून, आल्या वाटेने, बांबूच्या फाटकातून गेले.

पुढे आठ वर्षं भगवती रोज सकाळी साठ पावलं चालून कामाला गेली. त्या शनिवारी मात्र उशिरा सुरुवात झाल्यामुळे नऊच दोऱ्या झाल्या. चारला ती पुढच्या दाराने घरी आली, पाय धुतले, आणि दिवेलागणीला वही उघडून लिहिलं:

दोऱ्या नऊ. चारनंतर घरचं: न्हाणीघराच्या दाराची कडी सैल झाली आहे. खिळा आणायचा आहे.